‘द ग्रेट डिक्टेटर’ची क्रायटेरियन ब्लू-रे: जरूर घ्या, पण आधी प्लेअर तपासा

आधी कामाचं सांगते, म्हणजे कोणाचे पैसे वाया जायला नकोत. क्रायटेरियन म्हणजे जुने, नावाजलेले पिक्चर डिस्कवर काढणारी अमेरिकन कंपनी. तिची अमेरिकेतली ब्लू-रे रिजन ए ची असते, म्हणजे जगाच्या ठरावीक भागातल्या प्लेअरवरच चालणारी, आणि भारत येतो रिजन सी मध्ये, त्यामुळे इथे घेतलेल्या साध्या प्लेअरमध्ये ही डिस्क टाकली की बहुतेक वेळा नुसता मेसेज येतो आणि पिक्चर काही सुरू होत नाही. रिजन फ्री प्लेअर असेल तरच मागवा, नाहीतर कोणाकडे असेल त्याच्याकडे जाऊन बघा. छापील किंमत ३९.९५ डॉलर आहे, त्यावर शिपिंग आणि कस्टम, म्हणजे स्वस्त प्रकरण अजिबात नाही, सेल लागतो तेव्हा घेतलेली बरी. मी ज्या विक्रेत्याकडून मागवली त्याने साध्या पाकिटात घालून पाठवली होती आणि केसचा कोपरा तडकून आला, डिस्कला काही झालं नाही हे नशीब, पण इतक्या लांबून मागवताना खोक्यात पॅक करून पाठवणार का हे आधी विचारून घ्या.

आता प्रश्न असा की चार्ली चॅप्लिनने हिटलरची नक्कल केलेला १९४० सालचा ब्लॅक अँड व्हाईट पिक्चर, ज्याचे तुकडे नेटवर सगळीकडे फिरतात, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला. माझं उत्तर असं आहे की तुकडे फिरतात म्हणूनच. चॅप्लिनचं त्यातलं शेवटचं भाषण तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असणार, खाली कसलंतरी गंभीर म्युझिक चिकटवलेलं, वर अक्षरं पळतायत, व्हॉट्सॅपवर येतं आणि आपण पुढे ढकलतो. मीही ते आधी तसंच पाहिलं होतं. पण ते भाषण सुटं काढलं की त्यातली निम्मी ताकद जाते, कारण ते एका विनोदी नटाचं भाषण आहे आणि त्याच्या आधी जवळजवळ दोन तास त्याने आपल्याला हसवत हसवत एका माणसाचा मोठेपणा स्क्रू काढून काढून मोकळा केलेला असतो. ते सगळं बघितल्यावर भाषण ऐकलं तर वेगळंच काहीतरी होतं. विनोदात एवढी ताकद येते कुठून हे मला ज्या एका पिक्चरने नीट समजावलं तो हा, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

पिक्चर क्वालिटी. २०११ मध्ये आलेली ही आवृत्ती आहे, नवीन रिस्टोअर केलेली प्रिंट, आणि खरं सांगायचं तर जुन्या डीव्हीडीवर नाहीतर नेटवरच्या धुरकट कॉपीत जे दिसतच नाही ते इथे दिसतं. हे नुसतं तांत्रिक कौतुक नाहीये. चॅप्लिनचे निम्मे विनोद पडद्याच्या कडेला असतात. गाडीतून हुकूमशहा चाललाय आणि रस्त्याच्या बाजूला पुतळे आहेत, व्हीनसचा पुतळा, विचारात बसलेल्या माणसाचा पुतळा, आणि सगळ्यांचा एक एक हात सलामीत वर! व्हीनसला तर हातच नसतात, पण या देशात तिलाही सलाम ठोकायला हात बसवलाय. धुरकट प्रिंटमध्ये हे डोळ्यांसमोरून निघून जातं. ज्यूंच्या वस्तीतल्या दुकानांच्या पाट्या एस्परांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत आहेत, त्या इथे स्पष्ट वाचता येतात. सुरुवातीला पहिल्या महायुद्धातल्या प्रसंगात विमान उलटं झालंय आणि आतल्या दोघांना पत्ताच नाही, खिशातलं घड्याळ साखळीसकट वरच्या दिशेने उभं राहतं, तेव्हा चेहऱ्यावरचा गोंधळ इतका बारीक दिसतो की आमच्याकडे तेवढा भाग परत मागे नेऊन पाहिला. आवाज मोनो आहे, सराउंड वगैरे शोधू नका, पण स्वच्छ आहे.

थोडी पार्श्वभूमी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. चॅप्लिन जन्मला १६ एप्रिल १८८९ ला आणि हिटलर २० एप्रिल १८८९ ला, चार दिवसांचा फरक. दोघांच्या मिशा सारख्या. एक लंडनच्या गरिबीतून आला आणि जगातला सगळ्यात ओळखीचा चेहरा झाला, दुसऱ्याचं काय झालं ते माहितीच आहे. चॅप्लिनने आत्मचरित्रात लिहिलंय की मिशीवरून माणसांची अदलाबदल होते अशी गोष्ट करायची कल्पना त्याला १९३७ मध्ये अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याने सुचवली. मग त्याने दोन्ही भूमिका स्वतःच केल्या, टोमेनिया नावाच्या देशाचा हुकूमशहा हिंकेल आणि वस्तीतला एक साधा ज्यू न्हावी. शूटिंग सुरू झालं सप्टेंबर १९३९ मध्ये, म्हणजे युरोपात युद्ध पेटलं त्याच महिन्यात. आणि पैसे स्वतःचे घातले. हे महत्त्वाचं आहे, कारण तेव्हा हॉलिवूडमधल्या बऱ्याच जणांना जर्मनीचं मार्केट दुखवायचं नव्हतं, आणि ब्रिटनमध्येही आधी अशी भाषा होती की हा पिक्चर इथे दाखवू देणार नाही, हिटलरला चिडवायला नको म्हणून. नाझी प्रचारात तर चॅप्लिनला ज्यू म्हणून शिव्या घालायचे. तो ज्यू नव्हता, पण मी ज्यू नाही असं सांगत फिरायला त्याने नकार दिला. एखाद्या विनोदवीराचं वजन मला इथे जाणवतं, घरच्या सोफ्यावर सुरक्षित बसून टोमणे मारणं आणि स्वतःचा पैसा, मार्केट, नाव सगळं पणाला लावून नक्कल करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि नक्कल कशी, तर नुसता चेहरा वेडावाकडा केलेला नाही. मी हा पिक्चर परत परत बघते तेव्हा मला एकच गोष्ट दिसत राहते, की चॅप्लिन हिटलरला शिव्या देतच नाही, तो त्याच्या मोठेपणाचं सामान एक एक करून उचलून दाखवतो. माइक घ्या. हिंकेल भाषण करतो तेव्हा त्याच्या ओरडण्याने समोरचे माइकच मागे वाकतात. दुभाष्या घ्या. हिंकेल दोन मिनिटं फेस येईपर्यंत किंचाळतो, आणि शांत आवाजातला दुभाष्या त्याचं एका गुळगुळीत वाक्यात भाषांतर करून मोकळा होतो. आज कुठलाही पुढारी काहीतरी भयंकर बोलतो आणि मग त्याचा प्रवक्ता येऊन सांगतो की साहेबांना तसं म्हणायचं नव्हतं, तेव्हा मला हाच दुभाष्या आठवतो, ८० हून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी हे इतकं नेमकं पकडून ठेवलंय. टायपिस्ट घ्या. तो लांबच लांब वाक्य सांगतो, ती दोन-चार कळा दाबते, तो एक शब्द बोलतो आणि ती टकटक टकटक करत ओळीच्या ओळी टाइप करत सुटते. चित्रकार आणि शिल्पकार शेजारच्या खोलीत ताटकळत उभे, हा काही सेकंद पोझ देतो आणि पळतो. टेबलावरचं पेन स्टँडमधून निघतच नाही.

खुर्चीचा प्रसंग तर मी डोळे मिटून सांगू शकते. शेजारच्या देशाचा हुकूमशहा नापालोनी येणार, म्हणजे मुसोलिनी, जॅक ओकीने काय धमाल केलाय तो, तर गार्बिच नावाचा सल्लागार सगळं आखून देतो की पाहुण्याला लांबलचक दालन चालत तुमच्यापर्यंत यावं लागेल, तुम्ही उंच बसाल, त्याची खुर्ची बुटकी ठेवू, म्हणजे त्याला मान वर करून तुमच्याकडे बघावं लागेल. आणि नापालोनी मागच्याच दाराने येतो, हिंकेलच्या पाठीत जोरदार थाप मारतो आणि बुटकी खुर्ची सोडून सरळ टेबलावर चढून बसतो. पुढे न्हाव्याच्या खुर्च्यांवर दोघं शेजारी शेजारी, आणि माझी खुर्ची उंच का तुझी म्हणून दोघंही दांडा पंप करत करत छताकडे चाललेत. हसून हसून पोट दुखतं, पण त्यानंतर तुम्ही कुठल्याही ऑफिसात गेलात आणि साहेबाची खुर्ची पाहुण्याच्या खुर्चीपेक्षा चार बोटं उंच दिसली की तुम्हाला ते दिसतच राहणार, ते आता न दिसणं शक्य नाही. माझ्या मते विनोदाची खरी पकड ही आहे. नुसत्या टीकेला समर्थक उत्तर देऊ शकतात, वाद घालू शकतात, पण एकदा हसताना दिसलेली गोष्ट परत झाकता येत नाही, तुम्ही त्या नेत्याच्या बाजूचे असाल तरीही.

आपल्या वगात सोंगाड्या दरबारात शिरून राजाला आणि प्रधानाला साधे साधे प्रश्न विचारून हैराण करतो ना, ज्यांनी ते पाहिलंय त्यांना हा प्रकार लगेच ओळखू येईल. तिथेही राजाला कोणी वाईट म्हणत नाही, फक्त त्याचं राजेपण कशावर टेकलंय तिकडे बोट जातं.

दुसरी एक गोष्ट जी सुट्या क्लिपांमध्ये कधीच कळणार नाही, ती आवाजाची. बोलपट येऊन तेरा वर्षं झाली होती तरी चॅप्लिनने आपल्या पिक्चरमध्ये नीट संवाद बोलणं टाळलं होतं, १९३६ च्या पिक्चरमध्येसुद्धा गाणं म्हटलं तर ते अर्थ नसलेल्या शब्दांचं. त्याचा तो भटक्या मुका होता म्हणून जगभर सगळ्यांचा होता. मग तोंड उघडलं कधी, तर समोरच्याचं हत्यारच आवाज होतं तेव्हा. हिटलर म्हणजे रेडिओवरून, लाउडस्पीकरवरून घरात शिरणारा आवाज. पिक्चरमध्ये तसा प्रसंगच आहे, न्हावी आणि हॅना (पॉलेट गोडार्ड) छान कपडे घालून फिरायला निघालेत आणि रस्त्यावरच्या कर्ण्यांमधून हिंकेल गरजायला लागतो, क्षणात रस्ता रिकामा. माणूस कुठेच दिसत नाही, नुसत्या आवाजाने लोक पळतायत. तर त्या आवाजाला चॅप्लिनने काय केलं, तर त्यातला अर्थ काढून टाकला. हिंकेलची भाषा ही खरी जर्मन नाहीच, नुसते खाकरण्याचे, शिंकण्याचे, खेकसण्याचे आवाज आणि मध्येच खाण्याच्या पदार्थांची नावं. अर्थ गेला की उरतो तो निव्वळ राग, आणि निव्वळ राग बघताना हसू येतं.

याचा एक फायदा मला घरी दिसला. आईला इंग्रजी फारसं येत नाही, डिस्कवर सबटायटल फक्त इंग्रजीचे (हा मोठा उणेपणा, पुढे लिहिते), मला वाटलं कंटाळेल. पण हिंकेलच्या पहिल्या भाषणाला ती आणि कॉलेजात जाणारा भाचा एकाच जागी, एकाच क्षणी हसत होते, कारण तिथे इंग्रजी येणाऱ्यालाही काही जास्तीचं कळत नाही, सगळे सारखेच. न्हाव्याने ब्राह्म्सच्या हंगेरियन डान्सच्या तालावर गिऱ्हाइकाची दाढी केली तेव्हा तर आई पुढे सरकून बसली. आणि पृथ्वीच्या गोळ्याचा नाच, ज्याबद्दल लोक पुस्तकं लिहितात, हिंकेल एकटा खोलीत वॅगनरच्या संगीतावर पृथ्वीचा फुगा उडवतो, बोटावर फिरवतो, ढुंगणाने उडवतो, तेव्हा ती म्हणाली “किती सुंदर नाचतोय गं मेला”. हे मला फार खरं वाटलं. कारण तो नाच सुंदरच आहे, चॅप्लिनने तिथे हिंकेलला बावळट दाखवलेलं नाही, त्याच्या हावेत जी एक धुंदी आहे ती आपल्यालाही भूल पाडते, आणि मग फुगा फट्टकन फुटतो. नुसता मूर्ख दाखवला असता तर लोकांनी त्याच्यामागे का जावं हे कळलंच नसतं. चांगला नकलाकार ज्याची नक्कल करतो त्याचं आकर्षणही नीट ओळखून असतो.

आता जिथे हसू येत नाही त्याबद्दल. हेरिंग नावाचा मंत्री धावत येऊन आनंदाने सांगतो की आपल्या लोकांनी एक अप्रतिम विषारी वायू शोधलाय. १९४० मध्ये हा जोक होता. आज तो ऐकताना आमच्या खोलीत कोणी हसलं नाही. छळछावणीतले प्रसंगही हलकेफुलके आहेत, कैदी पाय झाडत चालतायत वगैरे. चॅप्लिनने १९६४ च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलंय की त्या छावण्यांमधलं खरं भयंकर रूप तेव्हा माहीत असतं तर मी हा पिक्चर करू शकलो नसतो. मला वाटतं हे वाचूनच पिक्चर बघावा. विनोद सगळं पेलतो असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसांच्या ढिगावर तो चालत नाही, तो चालतो त्याआधी, माणसं अजून त्या खुर्चीसमोर मान वर करून उभी असतात तेव्हा.

मग याने झालं काय, असं भाचा विचारत होता, युद्ध तर थांबलं नाही. नाही थांबलं. पण डिसेंबर १९४० मध्ये हा लंडनमध्ये लागला तेव्हा शहरावर बॉम्ब पडत होते आणि लोक तो बघायला जात होते. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हतीसुद्धा, आणि सप्टेंबर १९४१ मध्ये तिथल्या सिनेटच्या एका उपसमितीने हॉलिवूड लोकांना युद्धासाठी भडकवतंय म्हणून चौकशी सुरू केली त्यात हा पिक्चर होता आणि चॅप्लिनलाही बोलावणं गेलं होतं, पुढे पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि ती चौकशीच बारगळली. जर्मनीने व्यापलेल्या देशांमध्ये बंदी, स्पेनमध्ये तर तिथला हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये गेल्यानंतरच लोकांना तो थिएटरात बघता आला. ज्या गोष्टीने काहीच होत नाही तिच्यावर कोणी पस्तीस वर्षं बंदी घालत नाही, एवढंच मी त्याला म्हटलं.

शेवटचं भाषण. न्हाव्याला हिंकेल समजून हजारो सैनिकांपुढे उभं करतात आणि त्याला बोलावंच लागतं. इथे बऱ्याच समीक्षकांची तक्रार आहे की चॅप्लिन भूमिका सोडून स्वतःच बोलायला लागतो, पिक्चर संपतो आणि प्रवचन सुरू होतं. मला ही तक्रार पटत नाही. तो बोलायला उठतो तेव्हा चेहरा बघा, घाबरलेला, पुटपुटणारा माणूस आहे. आपण दोन तास एका आवाजाला हसलोय, ज्यात अर्थ नव्हता, आणि आता त्याच मिशीतून, त्याच गणवेशातून पहिल्यांदा साधे सरळ शब्द येतायत. विनोदी नटाने हसवणं थांबवलं की सगळा हॉल कान टवकारतो, गंभीर नटाला हे कधीच मिळत नाही. मी इथे डिस्क थांबवून थांबवून आईला मराठीत सांगत गेले. हेच भाषण चॅप्लिनने जानेवारी १९४१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शपथविधीच्या कार्यक्रमात वाचून दाखवलं होतं.

एक्स्ट्रा मटेरियल भरपूर आहे आणि किंमत वसूल होते ती इथेच. सगळ्यात भारी म्हणजे चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी याने सेटवर घेतलेलं रंगीत फूटेज. जो पिक्चर आपल्या डोक्यात कायमचा काळा-पांढरा आहे त्याचा सेट रंगात बघायला फार विचित्र आणि छान वाटतं, आणि त्यात सैनिक नाचतायत असा प्रसंग आहे जो पिक्चरमध्ये शेवटी ठेवलाच नाही. केव्हिन ब्राउनलो आणि मायकेल क्लोफ्ट यांची ‘द ट्रॅम्प अँड द डिक्टेटर’ ही डॉक्युमेंटरी आहे, चॅप्लिन आणि हिटलर यांची आयुष्यं समांतर ठेवून सांगितलेली, ती पिक्चरनंतर बघा, आधी नको. डॅन कामिन आणि हूमन मेहरान यांची कॉमेंट्री, म्हणजे पिक्चर चालू असताना वर ऐकू येणारं त्यांचं बोलणं, मला शरीराच्या हालचालींबद्दल जिथे बोलतात तिथे आवडली, बाकी ठिकाणी जरा शाळेच्या तासासारखी होते. न्हाव्याच्या दुकानाचे आणखी दोन जुने प्रसंग दिलेत, एक चॅप्लिनच्या १९१९ च्या पिक्चरमधून काढून टाकलेला आणि एक सिडनीच्या १९२१ च्या पिक्चरमधला, ते बघितले की कळतं की दाढीचा तो मिनिट-दोन मिनिटांचा प्रसंग वीस वर्षं मुरलेला आहे. सोबतच्या पुस्तिकेत चॅप्लिनने १९४० मध्ये शेवटाच्या समर्थनार्थ लिहिलेला लेख आहे, तो चुकवू नका.

तक्रारी म्हणाल तर एक रिजनची, जी वर सांगितली. दुसरी सबटायटलची. फक्त इंग्रजी. जगभर गाजलेल्या पिक्चरच्या डिस्कला दोन-चार भाषा तरी द्यायला हव्या होत्या, हिंदी-मराठीची अपेक्षा सोडायला मी तयार आहे पण निदान स्पॅनिश-फ्रेंच तरी. घरात वडीलधारी मंडळी असतील तर शेजारी बसून सांगणारं कोणीतरी लागेल, १२५ मिनिटांचा पिक्चर आहे, त्या हिशोबाने बसा. लहान मुलांबरोबर बघायला हरकत नाही, दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं आवडीने बघतील, फक्त ज्यूंच्या वस्तीवर हल्ला होतो तेव्हा ती प्रश्न विचारणार, त्यांची खरी उत्तरं द्यायची तयारी ठेवा.

स्टँडअप करणारी, एकांकिका लिहिणारी, नकला करणारी जी मुलं हे वाचत असतील त्यांनी चार जणांत वर्गणी काढून घ्या आणि पहिल्यांदा आवाज बंद करून हिंकेलचं पहिलं भाषण बघा, फक्त हात आणि मान. मग आवाज लावून परत.